रिकाम्या जागेची सर्व्हिस

आमच्या बाई रागावल्या की आम्हाला अहो-जाहो करायच्या. एरवी सगळं अगं-तुगं. सकाळी सहाला कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर "ए, गुडघे वाकव" असं ऐकू आलं की समजायचं, आज बरं चाललंय. पण "आपण खेळायला आलात, की आपल्याला कुणी कुंडीत लावून गेलंय?" असं आलं की त्या मुलीचं काही खरं नाही. तीन वर्षांत मी इतक्या वेळा 'आपण' झाले, की घरी कुणी आदरानं बोललं तरी मला धडकी भरायची.

बाई कॉलेजात खेळ शिकवायच्या आणि मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या कोच होत्या. पन्नाशीच्या आसपास. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मोपेडच्या मागच्या कॅरिअरला गुंडाळलेली नेट बांधलेली असायची, कारण कॉलेजच्या स्टोअररूमवर त्यांचा विश्वास नव्हता. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. त्या टाळी वाजवायच्या. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शिट्टी ट्रॅफिकसाठी असते. तुम्ही काय रिक्षा आहात?"

त्यांच्या ग्राउंडवर 'सॉरी' म्हणायला बंदी होती. बॉल हातातून सुटला की मुली आपोआप सॉरी म्हणतात. लहानपणापासून तीच सवय लावलेली असते ना आम्हाला! बाई तिथल्या तिथं खेळ थांबवायच्या. "सॉरी म्हणताना तोंड कुठं वळलं तुझं? माझ्याकडं. आणि बॉल कुठंय? तिकडं. मग बघणार कुठं?" सॉरी म्हणणाऱ्या मुलीला ग्राउंडला दोन फेऱ्या. चुकलेल्या बॉलला मात्र काही शिक्षा नाही.

त्या काळात पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. आमच्या संघातून दर महिन्याला एक मुलगी गळायची आणि सकाळच्या बॅचला जाऊन बसायची. कॉलेजनंही कॉम्प्युटरचा नवा विभाग काढला. तिथं येणाऱ्या मुलांच्या गाड्या ठेवायला सावली कुठं, तर आमच्या कोर्टावरच्या गुलमोहोराखाली. एके दिवशी आम्ही सहाला पोचलो तर अर्ध्या कोर्टावर स्कूटर आणि मोटारसायकली ओळीनं उभ्या. कुठल्यातरी परीक्षेसाठी मुलं पहाटेच आली होती. आम्ही बाईंकडं बघितलं. बाईंनी फक्कीची बादली उचलली आणि रोजच्यासारखी बाजूची रेघ आखायला घेतली. रेघ वाटेत आलेल्या टायरवरून गेली, फूटबोर्डवरून गेली, एका स्कूटरच्या सीटवरून गेली आणि पलीकडं उतरून कोपऱ्याला मिळाली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून घेतलं. दाराबाहेर आम्ही कान लावून उभ्या.

"बाई, अहो, लोकांच्या गाड्यांवर चुना ओतलात तुम्ही!"

"ओतला नाही. आखला. रेघ सरळ आहे सर, येऊन बघा. गाड्या वाकड्या लागल्यात."

दुसऱ्या दिवसापासून गाड्या कुंपणाबाहेर गेल्या.

मुलींच्या घरून परवानगी काढायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. चिठ्ठी नाही, फोन नाही. स्वतः मोपेडवर यायच्या, काखेत बॉल घेऊन. आमच्या हडपसरच्या घरी आल्या तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. वडील कारखान्यात कामाला, युनियनमध्ये आणि वस्तीतल्या विहाराच्या कामातही. दोन्हीकडची पत्रकं घड्या घालायला आमच्याच घरी. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचायला शिकलेला पहिला जोडशब्द. वडिलांनी "जयभीम" म्हणून खुर्ची पुढं केली. बाई "जयभीम" म्हणून बसल्या. आईनं चहा आणला.

"चहा नंतर. आधी होय म्हणा," बाई म्हणाल्या.

"अहो, कशाला होय म्हणायचं ते तरी सांगा," वडील हसत म्हणाले.

"ही उंचीनं कमी आहे. स्मॅश मारणार नाही कधी. पण बॉल जमिनीवर पडू देत नाही. मला अशी मुलगी पाहिजे. पहाटेची पहिली बस, स्वारगेटला बदलायची. तीन वर्षं."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग चहाच्या कपाकडं. "होय," म्हणाले. बाईंनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि निघाल्या.

ज्याला व्हॉलीबॉल माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. कोर्टावर सहाजणी असतात. तिघी नेटजवळ पुढं, तिघी मागं. समोरच्यांकडून सर्व्हिस परत मिळवली की सगळ्यांनी एक एक जागा सरकायचं, घड्याळाच्या काट्यासारखं. म्हणजे उंच मुलीलाही मागं जाऊन बॉल उचलावा लागतो आणि माझ्यासारखीलाही नेटपाशी उभं राहून हात वर करावे लागतात. बाईंचं सगळं तत्त्वज्ञान या सरकण्यात होतं. "कुणाची जागा कायमची नाही," असं त्या रोज म्हणायच्या. "आज तू पुढं आहेस म्हणून माजायचं नाही. आज तू मागं आहेस म्हणून रडायचं नाही. सरका." मी हे वहीत लिहून घेतलं होतं. माझ्या घरात ज्या गोष्टीसाठी चारपानी पत्रक लागायचं, ती गोष्ट ही बाई एका टाळीत सांगत होती. मी त्यांच्यावर जीव टाकायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना नवा नियम आला. संघात एक खास मुलगी ठेवता येणार होती, जी फक्त मागं खेळणार. तिनं बॉल उचलायचा, पण सर्व्हिस करायची नाही, स्मॅश मारायचा नाही आणि पुढच्या ओळीत यायचंच नाही. तिचं नाव लिबेरो. ती लांबून ओळखू यावी म्हणून तिनं बाकी संघापेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट घालायचा.

बाईंनी तो नियम वाचला आणि कागद माझ्या हातात दिला. "बघ. उचलणारी कायम उचलणार. सर्व्हिसचा मान नाही, पुढं यायचं नाही. वर तिला खूण लावायची. वा! खेळातसुद्धा सोय करून दिली."

त्या मोसमात बाकी सगळ्या कॉलेजांनी लिबेरो ठेवली. आमच्या यादीत त्या रकान्यात बाई प्रत्येक सामन्याला आडवी रेघ मारायच्या.

आता वनिताचं सांगायला हवं, कारण त्या मोसमात खरं पणाला लागलं होतं ते तिचं. वनिता धायरीची, माझ्या एक वर्ष मागं. आमच्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात जोरात मारणारी. धायरी तेव्हा गावातून शहर व्हायला निघाली होती. शेतांचे प्लॉट पडत होते. वनिताच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांनीही रस्त्याकडची जमीन बिल्डरला दिली होती, नवा बंगला बांधला होता, दारात नवी गाडी होती, आणि आता मुलीसाठी कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा आला होता. मुलगा अमेरिकेला जाणार होता. लग्न लवकर हवं होतं.

वनिताला पोलिसात जायचं होतं. त्यासाठी पदवी हवी होती आणि खेळाडू म्हणून विद्यापीठाच्या संघाचं प्रमाणपत्र हवं होतं. विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक फक्त शेवटच्या चार संघांचे सामने बघायला यायचे. म्हणजे आम्ही पहिल्या चारात आलो तर वनिता त्यांच्या नजरेला पडणार होती. आणि पडली तर घेतल्याशिवाय राहणार नव्हते, इतकी ती चांगली होती.

बाई बॉल घेऊन धायरीला गेल्या. अण्णांनी शब्द दिला. "बाई, तुम्ही म्हणताय तर हा मोसम खेळू दे. तिची निवड झाली तर लगीन पुढं ढकलतो, माझा शब्द हाय. न्हाई झाली तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू. मग तुम्ही मधी पडायचं न्हाई."

"ठरलं," बाई म्हणाल्या. तिथला चहा त्यांनी प्याला.

मोसम चांगला गेला. तीन सामने आम्ही सहज मारले. पण पुढच्या संघांना कळलं होतं की आमच्यात एक भोक आहे. ते भोक म्हणजे मी. मागं असले की माझ्याकडून बॉल पडायचा नाही. पण सरकत सरकत मी नेटपाशी आले की समोरच्या मुली माझ्या डोक्यावरून मारायच्या. ज्या सामन्यावर पहिल्या चारातली जागा ठरणार होती, त्याच्या आदल्या दिवशी वनितानं मला नळापाशी गाठलं.

"तू लिबेरो हो. पुढं ती फर्स्ट इयरची उंच पोरगी खेळंल. तू मागं ऱ्हा. बाईंना तू सांगितलंस तर त्या ऐकतील."

"बाईंचं मत तुला माहीत आहे," मी म्हणाले. "आणि माझंही तेच आहे."

"मत!" ती म्हणाली आणि तोंडावर पाणी मारायला लागली.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी बाईंनी मला झाडामागं बोलावलं. पिशवीतून पिवळा शर्ट काढला. आमच्या संघाचा रंग निळा होता. शर्ट नवाकोरा होता, घड्या तशाच.

"घाल," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "एका दिवसापुरतं."

मी शर्ट हातात घेतला नाही. मला काय काय आठवलं ते इथं सगळं लिहीत नाही. माझ्या वडिलांना शाळेत वेगळं बसवलं होतं आणि पाणी प्यायला वेगळा पेला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि खूण लावण्याबद्दल मला पहिल्यांदा राग आला तो या बाईंच्याच तोंडून ऐकून.

"तुम्हीच म्हणालात, कुणाची जागा कायमची नाही," मी म्हणाले. "मी सगळ्यांच्या रंगात खेळेन. नाहीतर बाहेर बसवा मला."

 बाईंनी शर्टाची घडी नीट केली, पिशवीत ठेवला, यादीचा कागद गुडघ्यावर घेतला आणि लिबेरोच्या रकान्यात रेघ मारली. एकदा यादी दिली की सामना संपेपर्यंत लिबेरो नेमता येत नाही.

पहिला सेट आम्ही घेतला. दुसरा गेला. तिसरा आम्ही घेतला आणि चौथ्यात त्यांनी मला पुरतं ओळखलं. मी पुढं आले की बॉल माझ्याच बाजूनं यायचा. मी उडी मारायचे, हात ताणायचे आणि तो बोटांच्या चार बोटं वरून जायचा. टाइमआउटला मी बाईंना म्हणाले, "मला काढा. त्या उंच पोरीला घ्या."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आपण सकाळी एक गोष्ट ठरवलीत. ती मला पटली. आता ती अर्ध्यावर सोडायची नाही. बाकावर बसून तत्त्व सोपं जातं. पुढं उभ्या राहा आणि मार खा."

पाचव्या सेटमध्ये आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटचा बॉल माझ्याच डोक्यावरून गेला आणि रेघेच्या आत पडला. वनितानं मागं वळून बघितलंही नाही. ती सरळ बाकापाशी गेली आणि बूट सोडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलणार, तोच ती म्हणाली, "तत्त्व तुझं, लगीन माझं."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी त्या दिवशी बरोबर होते असं मला आजही वाटतं. वनिताही बरोबर होती. या दोन वाक्यांचं मिळून एक पत्रक काढायला मला अजून जमलेलं नाही. जे लोक तत्त्वाच्या किमतीबद्दल मोठमोठं बोलतात, त्यांना मी एवढंच विचारते, की ती किंमत कुणाच्या घरातून गेली?

पुढच्या पहाटे बाई धायरीला निघाल्या. मी न बोलावता मोपेडवर मागं बसले. अण्णा ओसरीवरच होते.

"हरलो," बाई म्हणाल्या. "आणि वनितामुळं नाही हरलो. संघाची यादी मी भरते. त्यात एक रेघ मी मारली, त्यामुळं हरलो."

"बाई, ती रेघ माझ्यामुळं..." मी सुरुवात केली.

"तुझं पत्रक तू नंतर काढ," बाई म्हणाल्या आणि अण्णांकडं वळल्या. "चूक माझी, शिक्षा तिला का? मला अजून एक वर्ष द्या."

"बाई, तुमचं समदं खरं हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पर शब्द तुम्हीच दिलावता. मधी पडणार न्हाई म्हणून."

"दिला होता."

"मग?"

बाई मोपेडकडं वळल्या. आतल्या खोलीच्या दारात वनिताची आई उभी होती. वनिता दिसली नाही. ती आता कॉलेजलाही येणार नव्हती.

परत येताना सिंहगड रस्त्यावर बाईंनी मोपेड थांबवली. "मी मध्ये पडणार नाही म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "समोर येणार नाही असं म्हणाले नव्हते."

दोन दिवसांनी आम्ही सगळ्या सकाळी सहाला धायरीत. अण्णांच्या बंगल्यासमोर रस्त्यापलीकडं मोकळा प्लॉट होता. बांधकाम सुरू व्हायचं होतं. मालकाची परवानगी बाईंनी कशी काढली असेल ते तुम्हाला आता माहीत आहे. विजेचा खांब आणि एक बाभूळ यांना नेट बांधली. एका बाजूला ज्युनिअरच्या सहा मुली, त्यांच्यात आमची ती उंच फर्स्ट इयरवाली. दुसऱ्या बाजूला आम्ही पाचजणी.

"एक कमी आहे, बाई," कुणीतरी म्हणालं.

"कमी नाही. वनिताची जागा तिथं आहे. मोकळी ठेवा. सरकताना ती जागाही सरकेल."

आणि तसंच आम्ही खेळलो. मोकळी जागा मागं आली की तिथं पडलेला बॉल कुणी उचलायचा नाही. मोकळी जागा पुढं आली की तिथं ब्लॉक नाही. आणि तिची सर्व्हिसची पाळी आली की बॉल मागच्या रेघेवर जमिनीवर ठेवायचा, नियमानं जेवढं थांबायचं तेवढं थांबायचं आणि सर्व्हिस समोरच्यांना द्यायची. पहिल्या दिवशी आम्हाला हसू आलं. दुसऱ्या दिवशी आलं नाही. बॉल जमिनीवर पडलेला, अकराजणी गप्प उभ्या, बाई हातावरच्या घड्याळाकडं बघतायत, आणि समोरच्या बंगल्याची सगळी खिडक्या-दारं बंद.

गाव जमायला लागलं. दूध घालून परतणारे, बससाठी निघालेले, दोन-तीन म्हातारे. एक आजोबा रोज पहिल्या नंबरावर असायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अहो बाई, ती लांबडी पोर पल्याड हाय की. तिला घ्या हिकडं. जागा मोकळी का ठेवलीय?"

"मोकळी नाही, आजोबा. भरलेली आहे."

"मला तर कोण दिसंना."

"अण्णांना दिसतंय. त्यांना विचारा."

आजोबांनी खरंच विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी अण्णा एवढ्या सकाळीच गाडी घेऊन बाहेर पडले. माझा एक पास उडून नेमका त्यांच्या गाडीच्या टपावर आदळला. अण्णांनी गाडी थांबवली. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की ओठांवर आलेलं 'सॉरी' मी गिळलं. अण्णा उतरले, टपावरून हात फिरवला, बॉल उचलला, जरा वेळ हातात धरला आणि आमच्याकडं फेकला. परत गाडीत बसले. त्या दिवशी आम्ही निघताना कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची कळशी आणि दोन पेले ठेवलेले दिसले. वनिताची आई आत जाताना पाठमोरी दिसली.

अण्णांनी कॉलेजकडं तक्रार केली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बाईंना बोलावून विचारलं की हा काय प्रकार आहे. बाई म्हणाल्या, "सराव." एवढ्यावर त्यांनी ते संपवलं. आमच्यातली एक मुलगी कंटाळली. "बाई, असं किती दिवस?" बाई तिला म्हणाल्या, "आपल्याला कुठं जायचंय? सांगा, सोडून येते." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

नवव्या दिवशी सर्व्हिस फिरत फिरत मोकळ्या जागेवर आली. मी बॉल रेघेवर ठेवला आणि माझ्या जागेवर गेले. बाईंनी घड्याळाकडं बघितलं. तेवढ्यात बंगल्याचं दार वाजलं.

वनिता आली. अंगात घरातला पंजाबी ड्रेस, पायात काही नाही. ओढणी तिनं चालता चालता कमरेला बांधली. तिच्या मागोमाग अण्णा ओसरीवर आले, खांद्यावर टॉवेल, तोंड अर्धं धुतलेलं.

"वनिता," ते म्हणाले. फार मोठ्यानं नाही.

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागं वळली.

"माझी सर्व्हिस हाय, अण्णा."

 दूधवाला सायकल धरून तसाच उभा. मग त्या आजोबांनीच घसा साफ केला. "मारू दे की रं तिला. नऊ दीस झालं, बॉल नुसता मातीत पडलाय."

अण्णा रस्ता ओलांडून कोर्टाच्या कडेला आले. टॉवेलनं तोंड पुसलं. नेटकडं बघितलं. मग बाईंना म्हणाले, "एक वर्ष."

"मला नका सांगू," बाई म्हणाल्या. "तिला सांगा."

अण्णांना ते अवघड गेलं. आयुष्यात मुलीला काही विचारून किंवा सांगून केलेलं नसावं त्यांनी. त्यांनी एकदा जमलेल्या लोकांकडं बघितलं, एकदा दारातल्या बायकोकडं.

"एक वर्ष, वने," ते म्हणाले.

वनितानं मान हलवली. वाकून बॉल उचलला, ड्रेसला पुसला, रेघेच्या मागं जाऊन उभी राहिली. आम्ही पाचजणी हात पुढं करून गुडघ्यात वाकलो. तिनं बॉल वर उडवला आणि सगळ्या ताकदीनं मारला. तो सरळ नेटमध्ये जाऊन अडकला.

बाईंनी टाळी वाजवली.

"परत," त्या म्हणाल्या.